आबांच्या वाजत्या वहाणा

आबा चिंचेखालून उठले की त्यांच्या आधी त्यांच्या वहाणा घरी पोचायच्या. म्हणजे वहाणांचा आवाज. कर्र-कर्र, कर्र-कर्र. पाटाच्या कडेची ती चिंच आमच्या ओसरीपासून चांगली दोन शेतं लांब, पण वारा पडलेला असला की पहिली करकर तिथूनच ऐकू यायची. तिथून ओसरीपर्यंत एकशे चाळीस करकर. मी मोजल्या आहेत. लग्न होऊन वरकुट्यात आले तेव्हा पहिल्या महिन्यात मला ना चुलीवरची भाकरी जमली, ना शेण सारवायला जमलं, पण हा हिशोब मात्र पक्का झाला.

आबा म्हणजे माझे सासरे, जोतीराम. तरुणपणी दीडशे मेंढरं घेऊन आठ महिने मुलूख फिरलेला माणूस. पुढे पाटाला पाणी आलं, ऊस आला आणि मेंढरं गेली. त्यांच्या आठवणीला ओसरीच्या खुंटीवर एक घोंगडं आणि एक पितळी घंटी राहिली. कळपाच्या पुढे चालणाऱ्या बकऱ्याच्या गळ्यातली. आबांनी सगळं बदललं, ट्रॅक्टर घेतला, सोसायटीत जाऊन बसायला लागले, पण वहाणा बदलल्या नाहीत. कऱ्हाटीचा एक कारागीर त्या खास बनवून द्यायचा. एकेक वहाण तराजूत घातली तर किलोच्या पुढे भरेल, तळाला खिळे, आणि चामड्याच्या दोन थरांमध्ये तो काहीतरी घालायचा त्यानं ती वाजायची. काय घालायचा ते त्यानं सख्ख्या भावालाही सांगितलं नाही म्हणतात. माणूस जेवढा मोठा तेवढी करकर मोठी, असा आमच्याकडे हिशोब. माझे वडील वालचंदनगरला कंपनीत होते. तिथे क्वार्टरमध्ये सगळे बूट मुकाट्यानं चालायचे, त्यामुळे मला या प्रकाराचं आधी हसू यायचं. नंतर त्याच्यावर माझा संसार चालायला लागला.

त्याचं कारण पत्ते.

दुपारी जेवणं झाली की आबा काठी घेऊन चिंचेखाली जायचे, पुरुष शेतावर असायचे, पोरं शाळेत. मग मधल्या खोलीत घोंगडी पसरून आम्ही चौघी बसायचो. माझ्या सासूबाई म्हाळसाबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. थोरली जाऊ प्रयागअक्का. शेजारच्या सिंधुबाई. आणि मी, दिपाली. खेळ एकच, मेंढीकोट. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांना एवढंच सांगते की त्यात दश्शीला मेंढी म्हणतात, समोरासमोरच्या दोघी जोडीदार असतात, आणि चारही दश्श्या एकाच जोडीनं ओढल्या की दुसरीवर कोट चढतो. कोट चढला की हरलेल्या जोडीनं संध्याकाळची भांडी घासायची. आत्याबाई एरवी देवमाणूस, पण हातात पत्ते आले की बाईच्या अंगात काय संचारायचं कोण जाणे. पान उचलताना बोट चाटायच्या, खोटं खोकून सिंधुबाईंना खुणा करायच्या आणि पकडल्या गेल्या की डोक्यावर पदर ओढून, 'म्या म्हातारीनं काय करावं,' म्हणायच्या.

तुम्ही म्हणाल, पत्त्यांचं एवढं काय? सांगते. त्या घरात आम्ही चौदा माणसं. पहाटे साडेचारला उठले की रात्री अंग टाकेपर्यंत मी कुणाची तरी सून, कुणाची तरी बायको, कुणाची तरी काकू असायचे. त्या दोन तासांत मी फक्त दिपाली असायचे, आणि प्रत्यक्ष सासूच्या राणीवर हुकूम मारायचे. ते दोन तास नसते तर मी पहिल्या वर्षीच वालचंदनगरची गाडी धरली असती. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही, आता बोलते.

आबांना पत्ते चालत नाहीत, असं आत्याबाई सांगायच्या. लग्नात म्हणे आबांनी आत्याबाईंच्या भावाचा पत्त्यांचा डाव उधळून लावला होता. त्यामुळे पहिली करकर आली की आम्ही पत्ते गोळा करायचो आणि सुपातल्या गव्हाखाली सारायचो. आबा ओसरीवर चढायचे तेव्हा चौघी खाली मान घालून गहू निवडत असायच्या. तो गहू दोन वर्षं एकच होता. चार शेर असेल. त्याला दोनदा ऊन दाखवलं होतं, एकदा कडुनिंबाचा पाला घातला होता, आणि एवढा स्वच्छ गहू साऱ्या इंदापूर तालुक्यात नसेल.

सत्त्याण्णव सालच्या संक्रांतीला एक घोटाळा झाला. आमची इस्पिकची दश्शी हरवली. सूप झाडलं, कणगी हलवली, सिंधुबाईंच्या पोलक्याचीसुद्धा झडती झाली, त्यावरून त्या दोन दिवस आल्या नाहीत. शेवटी मी लग्नपत्रिकेचा तुकडा कापून त्यावर पेनानं दहा काढले. पण पाठीमागे अर्धा गणपती. ज्याच्या हातात गणपती त्याच्याकडे इस्पिकची मेंढी, हे साऱ्यांना दिसायचं, आणि खेळाची चवच गेली. तरी खेळत होतो.

आता आबांच्या पायाकडे येते. दिवाळीपासून त्यांची उजवी टाच दुखायला लागली होती. सकाळी पहिलं पाऊल टेकलं की डोळ्यांत पाणी यायचं. मग भिंत धरायची, दहा-बारा पावलं टाकायची, मग जरा सैल व्हायचं. दुपारी बसून उठले की पुन्हा तेच. आत्याबाईंनी विटकरीचा शेक दिला, रुईचं पान बांधलं, एरंडेल चोळलं. फरक नाही. तरीही दुपारी जेवण झालं की आबा त्याच वहाणा चढवून चिंचेकडे निघायचे. कर्र, आणि मग बराच वेळ गेल्यावर पुन्हा कर्र. आत्याबाई म्हणायच्या, "बसा की जरा घरात, कोण वाट बगतंय तितं?" आबा म्हणायचे, "घरात जीव रमत न्हाय."

खरं सांगते, लाज वाटते पण सांगते. त्यांच्या लंगडण्याचा आम्हाला फायदाच झाला. आता एकशे चाळीस करकरींना दुप्पट वेळ लागायचा. हातातला डाव पुरा करून, वर भांडण मिटवून मग गहू निवडायला बसलं तरी चालायचं.

होळीच्या आठ दिवस आधी मात्र आबांना पहाटे उठताच येईना. भिंतीला धरून उभे राहिले आणि तसेच पुन्हा खाली बसले. आत्याबाई रडायला लागल्या. माझे यजमान रविराज साखर कारखान्यावर, सीझन चालू, रजा मिळेना. थोरले भाऊजी पाण्याच्या पाळीवर. मग डॉक्टरांचं अक्षर घरात कुणाला वाचता येतं, असा विचार होऊन मला पाठवायचं ठरलं. आत्याबाईंनी बांगड्यांसाठी म्हणून माझ्या हातात वेगळे पैसे ठेवले. आबांनी आणि मी बारामतीची एस.टी. धरली.

डॉक्टरांनी फोटो काढला, तो उजेडावर धरला आणि टाचेखाली हाडाचं टोक आलेलं दाखवलं. मग खाली वाकून वहाण उचलली, उचलली म्हणजे दोन्ही हातांनी उचलली, आणि म्हणाले, "हे तुम्ही पायात घालता?"

"व्हय," आबा अभिमानानं म्हणाले.

"आजपासून बंद. मऊ तळाचं घ्या, टाचेला बोटभर उंची पाहिजे, मागून पट्टा पाहिजे. फरशीवरसुद्धा अनवाणी चालायचं नाही."

आबांनी वहाण परत घेतली आणि तिच्यावरची धूळ धोतरानं पुसली. दवाखान्यातून बाहेर पडताना ती जास्तच जोरात वाजवली.

बाजारपेठेत बादशाहभाईंचं चपलांचं दुकान होतं. आबांची त्यांची ओळख मेंढरांच्या काळातली. बादशाहभाई तेव्हा कातडी विकत घ्यायचे. दाढी मेंदीनं लाल, डोक्याला जाळीची टोपी, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता आधी पायाकडे बघायची सवय.

"या जोतीराव! वरकुट्यातनं निघाला तवाच मला ऐकू आलं," ते म्हणाले.

मी डॉक्टरांचा कागद वाचून दाखवला. बादशाहभाईंनी आबांची जुनी वहाण उलटी करून तळ बघितला. "बाहिरच्या अंगाला झिजलीय. टाच दुखती म्हणून तुमी कडंवर चालताय. आता गुडघा धरंल." मग जमिनीवर वर्तमानपत्र टाकून त्यावर आबांना उभं केलं आणि पेन्सिलीनं दोन्ही पावलं आखून घेतली. उजवं पाऊल डाव्याहून अर्धं बोट मोठं निघालं. आबांना साठ वर्षांत हे ठाऊक नव्हतं. ते कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिले.

मग चपला निघायला लागल्या. पहिली फार कडक. दुसरी मऊ, पण हातात धरून दाबली तर मधोमध मोडायची. मी म्हणाले, "ही नको, बोटांपाशी वाकली पाहिजे, मध्ये नाही." माझे वडील आठ-आठ तास मशीनवर उभे राहायचे, त्यांनी शिकवलेलं. बादशाहभाईंनी माझ्याकडे पहिल्यांदा मान वर करून बघितलं. तिसरीला मागचा पट्टा नव्हता. चौथी आणली ती तपकिरी, टाचेला बेताची उंची, आत स्पंज. आबा उभे राहिले, चार पावलं टाकली आणि थांबले. त्यांच्या कपाळावर दिवाळीपासून एक आठी होती, ती गेली.

"ही बेस हाय," आबा म्हणाले. "ही द्या."

तेवढ्यात बादशाहभाईंच्या बायको चाँदबी आतून चहा घेऊन आल्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, ती बायकांच्या फळीवरची हाय. बक्कल बगा की, फूल हाय त्याला."

आबांनी बघितलं. बकलावर खरंच बारकं फूल होतं. त्यांनी ती चप्पल अशी काढली की जणू आत विंचू निघाला. बादशाहभाई पोट धरून हसायला लागले. "जोतीराव, पायाला कुठं कळतंय? पाय म्हणला बेस, म्हंजी बेस!" मी पदर तोंडात कोंबला, तरी आवाज आलाच.

शेवटी माळ्यावरून एक खोकं उतरलं. पुरुषाची काळी सँडल, तळ तसाच जाड आणि मऊ, टाच तेवढीच उंच, मागे रुंद पट्टा. फूल नाही. बादशाहभाई म्हणाले, "लगीच न्हाय घ्यायची. पायात ठिवा, चहा प्या, दुकानात फिरा. पंधरा मिनिटांनी पाय काय म्हणतोय ते सांगा."

आबा चहा प्यायले. मग फिरायला लागले. मी दाराशी उभी राहून समोरच्या दुकानातल्या बांगड्या बघत होते. हिरव्या घ्याव्या की लाल, या विचारात असताना अगदी माझ्या कानापाशी आवाज आला, "दिपाली."

मी दचकले. इतकी की हातातली पिशवी पडली. मागे आबा उभे. कधी आले, कसे आले, कळलंच नाही. मी त्यांच्या पायांकडे बघितलं. त्यांनीही स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

माझ्या डोळ्यांपुढे आमची मधली खोली आली. आत्याबाईंच्या हातात बदामची दश्शी, मी हुकूम मारायला हात उचललेला, आणि माझ्या मागे हा माणूस उभा. कधीपासून, कुणास ठाऊक. संपलं. पत्ते चुलीत जाणार, सिंधुबाई घरी जाणार, आणि दुपारचे दोन तास पुन्हा पापड लाटण्यात जाणार.

"नगं," आबा म्हणाले. "ह्या नगंत."

"का बरं? लागतीया कुठं?" बादशाहभाईंनी विचारलं.

"लागत न्हाय. पर... काळा रंग हाय. मला काळा चालत न्हाय."

त्यांच्या खांद्यावरचं घोंगडं काळं होतं. छत्री काळी होती. हे मला दिसत होतं, आणि मी बोलायला हवं होतं. डॉक्टरांचा कागद माझ्याच हातात होता. मी काय म्हणाले सांगू?

"राहू द्या आबा," मी म्हणाले. "मनाला पटत नाही तर कशाला? जुन्या आहेतच की."

बादशाहभाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला तिथे थांबवेना. मी पायरी उतरून खाली आले. आबा मागे काठी घ्यायला राहिले. दोन मिनिटांनी करकर करत बाहेर आले.

स्टँडवर येईपर्यंत त्यांना तीनदा थांबावं लागलं. एकदा रसाच्या गुऱ्हाळापाशी, एकदा विजेच्या खांबापाशी, एकदा नुसतंच. स्टँडवर बाकावर बसल्यावर त्यांनी उजवी वहाण काढली आणि टाच दोन्ही हातांत धरून बसले, डोळे मिटून. मी त्या पायाकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. एरवी सून सासऱ्याच्या पायाकडे वाकून नमस्कार करण्यापुरतीच बघते. टाच सुजली होती, भेगांत माती होती, आणि आबांचा अंगठा आपोआप वर-खाली होत होता.

"पोरी," डोळे न उघडता ते म्हणाले, "तुला बांगड्या घ्याच्या व्हत्या न्हवं? जा, घिऊन ये. गाडीला येळ हाय."

मला स्वतःची शिसारी आली. चार पत्त्यांसाठी मी या माणसाला परत त्या खिळ्यांवर उभं केलं होतं, आणि तो मला बांगड्या घ्यायला पाठवत होता. मी उठले आणि जवळजवळ पळत बादशाहभाईंच्या दुकानात गेले.

खोकं काउंटरवरच होतं, सुतळीनं बांधून ठेवलेलं.

"आलीस? मला म्हायती व्हतं," बादशाहभाई म्हणाले. "घिऊन जा. पर घालायचा न्हाय त्यो."

"का? रंगासाठी?"

"कसला रंग! तू खाली उतारलीस तवा मला म्हणला, बादशाह, चप्पल एक लंबर हाय, पर तिला वाचा न्हाय. घरात सुना हायत. मी न वाजता दारात जाऊन उबा ऱ्हायलो तर पोरींनी काय करावं? आमच्या बापानं सांगितलंय, घरात सून आली की सासऱ्यानं वाजत यावं." बादशाहभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मी म्हणलं, ल्हान पोरांच्या बुटात शिट्टी असती ना, चूं चूं वाजती, ती बसवून देतो. तर काठी उगारली माझ्यावर."

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. चाँदबींनी मला पाण्याचा तांब्या दिला. बांगड्यांचे पैसे मी काउंटरवर ठेवले आणि खोकं उचललं.

एस.टी.त बसल्यावर खोकं आबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी सुतळी सोडली, आत बघितलं, पुन्हा झाकण लावलं.

"घाला, आबा," मी म्हणाले. "आवाजाचं आम्ही बघू."

"कसला आवाज?" आबांनी विचारलं.

"कसला नाही," मी म्हणाले.

पुढे वरकुट्यापर्यंत आम्ही दोघंही खिडकीबाहेर ऊस बघत बसलो.

घरी आल्यावर आबा हातपाय धुवायला गेले तेव्हा मी मधल्या खोलीत तिघींना खोकं दाखवलं. आत्याबाईंनी एक सँडल हातात घेऊन जमिनीवर आपटली. आवाज नाही. पुन्हा आपटली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही काय आणलंस गं सटवे? ह्यात तर मांजर सुदीक लपंल!"

"डॉक्टरांनी सांगितलंय," मी म्हणाले.

"डाक्टरला काय म्हायती आमच्या घरातलं!"

प्रयागअक्का म्हणाली, कुत्रं बांधू दारात. पण आमचं कुत्रं आबांवर भुंकत नाही, उलट शेपटी हलवतं. सिंधुबाई म्हणाल्या, माझ्या घरी खेळू. पण त्यांच्या घरी त्यांची सासू होती, आणि ती सासू आत्याबाईंपेक्षा लबाड खेळायची. शेवटी काहीच ठरलं नाही. आत्याबाई माझ्याशी रात्रभर बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी चुलीपाशी होते. आबांनी पलंगाखालून सँडल ओढली, पट्टा लावला आणि उभे राहिले. आत्याबाई नेहमीसारख्या हात द्यायला पुढे झाल्या. आबांनी हात धरला नाही. भिंतही धरली नाही. अंगणापर्यंत गेले, गोठ्यापर्यंत गेले, परत आले. दोन्ही पावलं सारखी पडत होती. आत्याबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मग चुलीपाशी येऊन माझ्या शेजारी बसल्या, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मरू द्यात ते पत्ते. बरं केलंस."

दुपारी जेवण झालं. आबांनी काठी घेतली आणि गेले. केव्हा गेले ते कुणाला ऐकू आलं नाही. आम्ही चौघी मधल्या खोलीत, ओसरीच्या उंबऱ्याला लागून बसलो. पत्ते त्यांच्या नेहमीच्या जागी, कणगीच्या मागेच राहिले. सूप पुढ्यात घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आम्ही तो गहू खरोखर निवडला. त्यात निवडण्यासारखं काही नव्हतं. सिंधुबाई दर दोन मिनिटांनी दाराकडे बघायच्या, कारण आबा आता कुठूनही, कधीही उगवले असते. मी मनात म्हटलं, हे असं किती वर्षं?

आणि मग लांबून आवाज आला. करकर नव्हे. खणखण, खणखण. पितळेचा.

प्रयागअक्का म्हणाली, "कुणाची मेंढरं आली गं ह्या टायमाला?"

आवाज चिंचेकडून येत होता. सावकाश, पण एका चालीत, कुठेही न लंगडता. आत्याबाईंनी मान वर केली. त्या ओसरीच्या खुंटीकडे बघत होत्या. तिथे घोंगडं एकटंच लटकत होतं.

आबा ओसरीवर चढले. काठीच्या मुठीला सुतळीनं ती घंटी बांधलेली. बादशाहभाईंच्या खोक्याचीच सुतळी. त्यांनी काठी दाराला टेकवली आणि उंबऱ्याबाहेरच, आमच्याकडे पाठ करून बसले.

"काठी जरा वाजती आता," ते अंगणाकडे बघत म्हणाले. "हितं उंदरं लई झाल्यात. आवाजानं पळत्यात."

"व्हय व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "लईच झाल्यात."

प्रयागअक्कानं त्यांना पाणी नेऊन दिलं. त्यांनी तांब्या वर धरून घटाघटा प्यायलं, मिशी पुसली आणि उठले. उठताना बंडीच्या आतल्या खिशात हात घातला, मागे न बघता हात लांब केला आणि काहीतरी आमच्या सुपात टाकलं.

"त्या गव्हात खडा ऱ्हायला जणू," आबा म्हणाले. "बगा बरं."

सुपात, गव्हावर, इस्पिकची दश्शी पडली होती. कोपरा जरा दुमडलेला, बाकी धड. संक्रांतीपासून ती त्यांच्या खिशात होती. कुठे सापडली ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. मला चिंच आठवली, रोज दुपारी न चुकता चिंचेकडे जाणारा तो दुखरा पाय आठवला, आणि 'घरात जीव रमत न्हाय' हे त्यांचं बोलणं आठवलं. मान वर करायची सोय राहिली नाही.

आबांनी काठी उचलली. घंटी वाजली.

"आन् म्हाळसे," पायरी उतरता उतरता ते म्हणाले, "त्यो गहू आता तरी दळून आणा. दोन वरसं निवडताय."

खणखण करत ते पुन्हा चिंचेकडे निघाले. आम्ही ऐकत बसलो. आवाज गोठ्यापाशी गेला, पाटाच्या पुलावर गेला, आणि चिंचेपाशी जाऊन थांबला. मग आत्याबाईंनी ती दश्शी उचलली, पदरानं पुसली आणि कणगीमागचे पत्ते काढून माझ्या पुढ्यात टाकले.

"पिस गं," त्या म्हणाल्या. "आन् त्यो गणपती देवघरात ठिव."